जुन्या वृत्तपत्रांतली ‘तार’

जुनी दैनिके आणि कात्रणवह्या चाळणाऱ्या वाचकांनी ‘तार’ या एका शब्दाबद्दल बरेच प्रश्न विचारले आहेत. १९४० ते १९६५ या काळातल्या मराठी दैनिकांपुरती त्यांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहोत. उदाहरणादाखल दिलेली वाक्ये त्या काळच्या धाटणीची, पण आम्ही रचलेली आहेत.

प्रश्न : घरच्या कात्रणवहीत एका बातमीत ‘तारा तोडल्या’, दुसरीत ‘तारा आल्या’ आणि तिसरीत ‘तार म्हणते’ असे वाचले. हा एकच शब्द आहे ना? मग प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ काय घ्यायचा?

शब्द एकच, पण वृत्तपत्रात तो तीन कामे करतो. पहिला अर्थ खांबांवरून गेलेल्या धातूच्या तारेचा. दुसरा त्या तारेवरून येणाऱ्या संदेशाचा, म्हणजे पोस्टातून हाती पडणाऱ्या कागदाचा. तिसरा अर्थ संपादकीय खोलीत रुजला : वृत्तसंस्थेकडून आलेली बातमी म्हणजेच तार. पुढे हा मजकूर टेलिप्रिंटरवर, म्हणजे तारेवरून आलेली अक्षरे आपोआप छापणाऱ्या यंत्रावर, उमटू लागला, पोस्टाचा शिपाई तो आणून देईनासा झाला, तरी उपसंपादक ‘तारा लावायच्या आहेत’, ‘आज तारा फार आहेत’ असेच बोलत राहिले.

अर्थ ओळखायचा तो शेजारच्या क्रियापदावरून. तुटणे, तोडणे, कापणे, ओढणे असेल तर धातूची तार. येणे, करणे, देणे, ठोकणे, पोचणे असेल तर संदेश. ‘तार म्हणते’, ‘तारेत पुढे म्हटले आहे’, ‘ताज्या तारेनुसार’ असे असेल तर वृत्तसंस्थेची किंवा बातमीदाराची बातमी. १९४२ च्या आंदोलनातल्या बातम्या वाचताना मात्र जपून. त्या वर्षी ठिकठिकाणी तारायंत्राच्या तारा कापल्या गेल्या आणि तारेने जाणाऱ्या बातम्यांवर सरकारची करडी नजरही होती. ‘तारा बंद आहेत’ एवढेच वाक्य दिसले तर मार्ग तुटला आहे की संदेश अडवले जात आहेत, हे आजूबाजूच्या मजकुरावरूनच ठरवावे लागते.

प्रश्न : बातमीच्या सुरुवातीला ‘नवी दिल्ली, ता. १२’ असे असते. इथे ‘ता.’ म्हणजे तारेने आलेली बातमी का?

नाही. ‘ता.’ म्हणजे तारीख. काही दैनिकांत त्याच जागी ‘दि.’ दिसेल, तो दिनांक. गावाच्या नावाआधी किंवा नंतर ‘ता.’ आला आणि पुढे आकडा नसेल, तर तो तालुका. बातमी तारेने आली हे सांगायचे असेल तर शब्द पूर्ण लिहीत किंवा कंसात वृत्तसंस्थेचे नाव देत.

ही तारीख बातमी पाठवल्याची असते, अंकाची नव्हे. सकाळच्या दैनिकात ती साधारणपणे आदल्या दिवसाची दिसेल. चार-पाच दिवस जुनी तारीख दिसली तर ती बातमी बहुधा टपालाने आलेली आहे, तारेने नव्हे. तालुक्याच्या गावचा बातमीदार पत्र लिहूनच बातम्या धाडत असे. तारेचा खर्च निवडणुकीचा निकाल, मोठा अपघात, गोळीबार अशा प्रसंगीच परवडे.

प्रश्न : एकाच बातमीत मथळ्यात ३० मृत आणि आत मजकुरात २५ मृत, किंवा माणसाचे नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेने, असे वारंवार दिसते. इतका निष्काळजीपणा कसा चालत असे?

यातला बराचसा भाग निष्काळजीपणाचा नाही. तार टेबलावर कशी पोचे आणि तिचे छापील मराठी कसे होई, हे पाहिले की चूक कुठे शिरते ते दिसते.

वृत्तसंस्थेचा मजकूर इंग्रजीत येई आणि तोही संपूर्ण मोठ्या अक्षरांत. टेलिप्रिंटरला लहान अक्षरे नव्हतीच. त्यामुळे कुठला शब्द विशेषनाम आणि कुठला साधा, हे अक्षराच्या आकारावरून कळत नसे. यंत्र मिनिटाला साधारण ६० शब्दांच्या वेगाने गुंडाळीवर छापत राही. मोठी बातमी सलग येत नसे. तिचे तुकडे येत आणि मध्ये दुसऱ्याच बातमीचा तुकडा घुसे. उपसंपादक गुंडाळी फाडून तुकडे जुळवी आणि मराठी मजकूर छोट्या चिठोऱ्यांवर, कागदाच्या एकाच बाजूला लिही. चिठोऱ्या छोट्या, कारण एकच बातमी तीन-चार जुळाऱ्यांना वाटून एकाच वेळी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, जुळवता यावेत. म्हणजे बातमीचा शेवट टेलिप्रिंटरवर येण्याआधीच तिची सुरुवात शिशात उभी असे.

मग नवी तार येई : मृतांचा आकडा २५ नव्हे, ३०. मथळा सगळ्यात शेवटी जुळत असल्याने तो बदलणे सोपे. आतल्या परिच्छेदातला आकडा बदलायचा म्हणजे ओळ उपसायची, खिळे काढायचे, पुन्हा ओळ बसवायची, आणि नव्या मजकुराने ओळ लांबली तर खालच्या ओळीही हलवायच्या. रात्री उशिरा पान बांधून झाले असेल तर फक्त मथळा दुरुस्त होई. म्हणून असा विरोध दिसला की सहसा मथळ्यातला आकडा नंतरचा धरावा.

आकड्यांचा दुसरा घोटाळा यंत्राचा स्वतःचा. टेलिप्रिंटरवर अक्षरे आणि अंक यांना तेच संकेत असत. अंक सुरू होताना ‘आता अंक’ आणि संपताना ‘आता अक्षरे’ अशी खूण जाई. ही खूण वाटेत हरवली की अंकांच्या जागी इंग्रजी टंकलेखन यंत्राच्या वरच्या ओळीतली अक्षरे उमटत : १ चा क्यू, २ चा डब्ल्यू, ३ चा ई, ४ चा आर, ५ चा टी, ६ चा वाय, ७ चा यू, ८ चा आय, ९ चा ओ आणि ० चा पी. म्हणजे १९४८ हे ‘क्यू ओ आर आय’ असे येई. मुरलेला उपसंपादक ते सहज उलगडी. नवखा गोंधळला की आकडाच गाळी आणि ‘अनेक जण मृत्युमुखी पडले’ असे लिहून मोकळा होई. जुन्या बातम्यांतल्या प्रत्येक ‘अनेक’मागे हेच कारण आहे असे नाही, पण ते ध्यानात असू द्यावे.

‘नाही’ हा शब्द सर्वांत धोक्याचा. इंग्रजीतला नकाराचा तो छोटा शब्द गळला की बातमी उलटी होते. म्हणून पाठवणारा तो दोनदा लिही आणि मध्ये ‘रिपीट’ घाली : ‘नॉट रिपीट नॉट’. जुन्या तारांच्या कागदांत हे दिसले तर तो जोर देण्याचा प्रकार समजू नये. ती गळतीविरुद्धची खबरदारी आहे.

खाजगी बातमीदाराच्या तारेत शब्दागणिक पैसे पडत. वृत्तपत्रांसाठीच्या तारांना सवलतीचा दर होता, तरी काटकसर सुटत नसे. इंग्रजीतली उपपदे, वाक्ये जोडणारे शब्द, सहायक क्रियापदे वगळली जात. परदेशी बातमीदार तर शब्दांना उपसर्ग-प्रत्यय चिकटवून दोन-तीन शब्दांचा एकच शब्द बनवत, उदाहरणार्थ ‘लंडनकडे’साठी ‘लंडनवर्ड्‌स’. या हाडांच्या सापळ्यावर उपसंपादकाने मांस चढवायचे. कर्ता गाळलेला असेल तर तो कुणाला करायचे, हा निर्णय त्याचाच. कर्ता पक्का नसला की मराठीत ‘-ण्यात आले’ हा सुरक्षित आडोसा मिळतो : ‘जमावावर गोळीबार करण्यात आला’. वृत्तपत्री मराठीत या रचनेचा जो सुळसुळाट झाला, त्याला इंग्रजी कर्मणी वाक्यांइतकीच ही अर्धवट तारही कारणीभूत आहे, असे आमचे मत आहे.

आणि नावे. रोमन लिपीतून आलेल्या मराठी नावांत ट-त, ड-द, ण-न, ळ-ल यांतला फरक पुसला जातो. त्याच पाच अक्षरांतून साठे वाचता येते, साथे वाचता येते. काळे आणि काले एकच होतात. पुण्या-मुंबईच्या टेबलावर बसलेल्याला विदर्भातले किंवा कोकणातले छोटे गाव माहीत नसेल, तर वणीचे वनी होणे अगदी सोपे. परदेशी नावांत ही अडचण दुप्पट. १९५६ च्या हंगेरीतील उठावाच्या वेळी पंतप्रधान इम्रे नॉज होते, पण त्यांच्या आडनावाची रोमन अक्षरे पाहणारा कुणीही ‘नागी’च वाचेल. तेव्हा एखाद्या व्यक्तीचा शोध घेताना नावाची चार-पाच संभाव्य रूपे आधी कागदावर मांडून घ्या आणि मगच अंक उलटायला बसा.

प्रश्न : कात्रणावर तारीख-वार आहे, साल नाही. बातमीखाली एपीआय, यूपीआय, पीटीआय अशी अक्षरे आहेत. त्यावरून साल ठरवता येईल का?

नेमके साल नाही, पण पट्टा नक्की ठरतो. एपीआय म्हणजे असोसिएटेड प्रेस ऑफ इंडिया, रॉयटर या ब्रिटिश वृत्तसंस्थेच्या मालकीची. तिचे काम पीटीआयने, म्हणजे प्रेस ट्रस्ट ऑफ इंडियाने, १ फेब्रुवारी १९४९ पासून हाती घेतले. म्हणून एपीआय असेल तर कात्रण त्याआधीचे, पीटीआय असेल तर त्यानंतरचे. पीटीआयची नोंदणी ऑगस्ट १९४७ मधली आहे. या तारखेवरून कात्रण १९४७ चे ठरवण्याची चूक करू नका. ‘पीटीआय-रॉयटर’ असे जोडनाव परदेशी बातम्यांवर दिसेल.

यूपीआयपाशी थांबून विचार करा. युनायटेड प्रेस ऑफ इंडिया १९३३ मध्ये निघाली आणि १९५८ मध्ये बंद पडली. त्याच १९५८ मध्ये अमेरिकेत दोन संस्था एकत्र येऊन युनायटेड प्रेस इंटरनॅशनल झाली आणि तिचीही आद्याक्षरे तीच. देशातल्या बातमीवर यूपीआय असेल तर १९५८ किंवा त्याआधीचे कात्रण, वॉशिंग्टन-न्यूयॉर्कच्या बातमीवर असेल तर बहुधा १९५८ नंतरचे. यूएनआय, म्हणजे युनायटेड न्यूज ऑफ इंडिया, दिसली तर मार्च १९६१ च्या पुढे जा, तिचे काम तेव्हा सुरू झाले.

कात्रणाच्या मागच्या बाजूकडे दुर्लक्ष होते, ते करू नका. जाहिरातीतली किंमत आण्यांत असेल तर बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचे, ‘नये पैसे’ असतील तर त्यानंतरचे. मात्र आण्यांतली भाषा लोकांच्या तोंडी पुढेही काही काळ राहिली. ‘नये’ हा शब्द १ जून १९६४ पासून अधिकृतपणे गळला. ‘मुंबई राज्य’ असेल तर १ मे १९६० च्या आधीचे. शुद्धलेखनही मदत करते. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘तारेनें’ असे अनुस्वार दिसले तर ते जुने वळण. १९६२ च्या मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार रद्द केले. ही खूण एकटी पुरेशी नाही. काही दैनिकांनी ते आधीच सोडले होते, काही लेखकांनी नंतरही धरून ठेवले.

प्रश्न : एकाच दैनिकाचे एकाच तारखेचे दोन अंक दोन घरांत मिळाले. एकात मोठी परदेशी बातमी आहे, दुसऱ्यात तिचा मागमूसही नाही. दुसरा अंक बनावट असेल का?

बनावट असण्याचे कारण नाही. पहिल्या पानावर ‘डाक’ किंवा ‘शहर’ असा उल्लेख आहे का पाहा. डाक आवृत्ती परगावी जाणाऱ्या गाड्या गाठण्यासाठी लवकर छापली जाई, शहर आवृत्ती उशिरा. मध्ये आलेली तार एकीत असते, दुसरीत नसते.

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येचे उदाहरण घेऊ. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसला दुपारी १२:३० वाजता गोळ्या झाडल्या गेल्या. भारतीय वेळेने तेव्हा बरोबर मध्यरात्र, म्हणजे आपल्याकडे २३ तारीख लागत होती. पहिली तार चार मिनिटांनी सुटली. मृत्यूची अधिकृत घोषणा आपल्या घड्याळात रात्री एकच्या सुमारास झाली. साडेअकराला छपाई उरकलेल्या डाक आवृत्तीत ही बातमी असूच शकत नाही. एकच्या आधी पान सोडलेल्या आवृत्तीत ‘जखमी’ असणार आणि दोननंतर सोडलेल्या आवृत्तीत ‘हत्या’. तिन्ही अंकांवर तारीख २३ नोव्हेंबरच. परदेशी घटनेचा अंक हुडकताना आधी तिथल्या वेळेचे भारतीय वेळेत रूपांतर करा. निम्मा शोध तिथेच संपतो.

प्रश्न : ‘पंतप्रधानांकडे तारा पाठवण्यात आल्या’ अशा बातम्या संयुक्त महाराष्ट्राच्या काळात भरपूर दिसतात. इतक्या तारा करून उपयोग काय होत असे?

या बातम्यांत तार ही वृत्तपत्राच्या माहितीचा उगम नाही, ती स्वतः घटना आहे. सभेत ठराव झाला की तो तारेने दिल्लीला किंवा मुंबईला धाडला जाई. तारेवर पाठवल्याचे ठिकाण, तारीख आणि वेळ उमटे, पावती हाती राही. ठराव केल्याचा तो पुरावा होता. ठरावाची प्रत आणि ‘तार केली आहे’ ही माहिती स्थानिक कार्यकर्ते दैनिकाला साध्या टपालाने कळवत. म्हणजे तारेबद्दलची बातमीच टपालाने आलेली असे. म्हणून सभा आणि छापील बातमी यांत तीन-चार दिवसांचे अंतर दिसले तर चक्रावू नये.

दैनिकांच्या शेवटच्या पानावर किंवा पत्रव्यवहाराच्या कागदावर ‘तारेचा पत्ता’ म्हणून एकच शब्द छापलेला असतो, त्याबद्दलही एका वाचकाने विचारले आहे. पत्त्यातल्या शब्दांचेही पैसे पडत. म्हणून संस्था वार्षिक शुल्क भरून एकशब्दी पत्ता तारखात्याकडे नोंदवून ठेवत. तो शब्द आणि शहराचे नाव एवढ्यावर तार पोचे.

प्रश्न : मराठीत तार करता येतच नव्हती का?

रोमन अक्षरांत लिहून करता येई. देवनागरी तारसेवा १९४९ मध्ये सुरू झाली आणि देवनागरीत लिहिलेला मराठी मजकूरही तिच्यातून जाऊ लागला, पण ती सोय असलेल्या कार्यालयांपुरताच. वृत्तसंस्थांपैकी हिंदुस्थान समाचारने भारतीय भाषांतून बातम्या देण्याचे काम १९४८ मध्ये हाती घेतले. तिचे संस्थापक दादासाहेब आपटे. १९५४ मध्ये तिने देवनागरी टेलिप्रिंटर वापरात आणला. तरीही मोठ्या संस्थांचा ओघ इंग्रजीच राहिला आणि मराठी टेबलावरचा अनुवाद सुटला नाही.

प्रश्न : ‘अकलेचे तारे तोडणे’ यातले तारे तेच का?

नाहीत. ते आकाशातले. ‘तारा’ पुल्लिंगी, अनेकवचन ‘तारे’. आपली ‘तार’ स्त्रीलिंगी, अनेकवचन ‘तारा’. ‘तारेवरची कसरत’ मात्र धातूच्या तारेवरची, पण डोंबाऱ्याच्या.

प्रश्न : ‘खास तार’, ‘बिनतारी संदेश’ असे लिहिलेल्या बातम्या जास्त विश्वासार्ह मानाव्यात का?

हे शब्द बातमी कोणत्या वाटेने आणि किती लवकर आली ते सांगतात. खरेपणाची ग्वाही ते देत नाहीत. ‘खास तार’ म्हणजे ती दैनिकाच्या स्वतःच्या माणसाने पाठवली, वृत्तसंस्थेची नाही. ‘बिनतारी’ म्हणजे रेडिओलहरींवरून आलेली. जहाजे, पोलीस आणि दुर्गम ठिकाणे यांच्या बातम्यांत हा शब्द हमखास भेटतो.

तारेतला मजकूर शब्दशः घेऊ नये याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण एव्हरेस्टचे. शिखर २९ मे १९५३ रोजी सर झाले. मोहिमेबरोबर असलेल्या लंडनच्या ‘टाइम्स’च्या बातमीदाराने निरोप्याच्या हाती संदेश नेपाळमधल्या नामचे बाजारला धाडला. तिथल्या भारतीय बिनतारी केंद्रावरून तो काठमांडूला आणि पुढे लंडनला गेला. त्यात बर्फाची स्थिती वाईट, पुढचा तळ सोडला, हवा सुधारण्याची वाट पाहत आहोत, अशा अर्थाचे शब्द होते. वाचणाऱ्याला मोहीम फसली असेच वाटावे. ठरलेल्या संकेतानुसार बर्फ वाईट म्हणजे शिखर सर, तळ सोडला म्हणजे हिलरी, सुधारण्याची वाट म्हणजे तेनसिंग. ही किल्ली मोजक्याच लोकांकडे होती. बातमी २ जूनला छापली गेली. वाटेत कुणी तो संदेश सरळ अर्थाने छापला असता, तर तार खरी आणि बातमी खोटी ठरली असती.

प्रश्न : अंकांच्या स्कॅन केलेल्या संग्रहात ‘तार’ शोधले तर ‘तारीख’, ‘अवतार’, ‘सातारा’ असे शेकडो शब्द येतात. शोध कसा घ्यावा?

मूळ शब्द टाकू नका, विभक्तीची रूपे टाका : तारेने, तारेवरून, तारेत, तारांनी, तारेनुसार. १९६२ पूर्वीच्या अंकांसाठी तीच रूपे अनुस्वारासह पुन्हा शोधा : तारेनें, तारेंत, तारांनीं. जुन्या खिळ्यांची छपाई पुसट असली की यंत्राला अनुस्वाराचा ठिपका दिसत नाही किंवा कागदावरचा डागच अनुस्वार वाटतो. म्हणून दोन्ही याद्या एकत्र पाहाव्यात. जोडशब्दांतून चांगले धागे मिळतात : तारायंत्र, तारमास्तर, तार ऑफिस, बिनतारी, टपाल व तार खाते. सापडलेल्या प्रत्येक बातमीपुढे चार गोष्टी टिपून ठेवा : अंकाची तारीख, बातमीवरची तारीख, वृत्तसंस्था आणि आवृत्ती. आवृत्ती छापलेली नसेल तर त्या रकान्यात ‘नोंद नाही’ असे स्पष्ट लिहा. रकाना कोरा ठेवला तर पुढे ती पाहायची राहिली की छापलेलीच नव्हती हे कळणार नाही.